ओब्राकच्या पठारावरचे एक जेवण



पंधरा दिवसांपूर्वी एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "तुम्ही फ्रान्सला जाऊन आलात. तिथले गोठे, धारेची यंत्रे, चारा कापायची अवजारे यांवर तीन वेळा लिहिलेत. पण तिथल्या शेतकऱ्याच्या ताटात काय असते ते एकदाही लिहिले नाहीत. आम्ही बायकांनी वाचायचे काय?" टोला बरोबर बसला. आम्हां शेतीखात्यातल्या माणसांची धाव गोठ्यापर्यंत. चुलीपाशी जायचे आम्हांला सुचतच नाही. म्हणून आज एका जेवणाविषयीच लिहितो. जेवण साधेच, बटाट्याचे. पण त्यातला एक घास माझ्या घशात असा अडकला की अजून तो पुरता खाली उतरलेला नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरची सुरुवात होती. मध्य फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ दरवर्षी जनावरांचे फार मोठे प्रदर्शन भरते. ते पाहायला आम्ही बारा जण गेलो होतो. प्रदर्शन संपले आणि एक दिवस मोकळा मिळाला. दुभाषी म्हणून पुण्याची एक मुलगी होती, तिकडे शिकायला राहिलेली. ती म्हणाली, "काका, शहरात दुकाने बघत फिरण्यापेक्षा डोंगरावर चला. गायी मोकळ्या चरताना बघायच्या तर तिथेच." मग गाडी केली आणि दक्षिणेला दीडशे किलोमीटरच्या वर अंतर तोडून ओब्राकच्या पठारावर पोचलो.

पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. खाली काळा दगड, ज्वालामुखीचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. झाडे तुरळक, नजर पोचेल तिथवर गवत आणि मधून मधून रचीव दगडांचे गडगे. हिवाळ्यात बर्फ पडून राहते, त्यामुळे धान्याचा भरवसा नाही. पिकते ते गवत, आणि ते खाणारी गाय. या गायीला पठाराचेच नाव आहे, ओब्राक. रंग गव्हाळ, शिंगे डौलाने वर वळलेली, आणि डोळ्यांभोवती काळी कड अशी, की कोणी सकाळी काजळ घालून सोडली असावी. पूर्वी हीच गाय दूध द्यायची आणि हिचेच बैल नांगर ओढायचे.

गायी बघण्याच्या नादात जेवणाची वेळ टळली. तिकडच्या खेड्यात खाणावळ दुपारी साधारण बारा ते दोन चालते. दोन वाजले की चूल बंद. आपल्या एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलासारखे 'या, बसा, कधीही या' असे तिथे नाही. आम्ही एका दगडी घरासमोर उतरलो तेव्हा दोनला दहा मिनिटे कमी होती. आत सात-आठ टेबले. साठीच्या घरातली बाई स्वयंपाक करणारी, तिचा नवरा वाढणारा. बस्स, एवढाच कारभार. दाराशी पाटीवर खडूने त्या दिवसाचे जेवण लिहिलेले, एकाच प्रकारचे. बाईने घड्याळाकडे पाहिले, आम्हां बारा जणांकडे पाहिले आणि पोरीला सांगितले, "आज जे आहे तेच मिळेल. निवड करता येणार नाही." आम्हांला तरी निवड कुठे हवी होती!

बसल्याबरोबर पाव आणि पाण्याचे भांडे आले. तिकडे जेवणाबरोबर पाव आणि साधे पाणी यांचे वेगळे पैसे घेत नाहीत. मग कोबी, बटाटा आणि कांद्याच्या पातीसारख्या एका भाजीचे सूप. त्यात डुकराच्या चरबीचा तुकडा होता, म्हणून आमच्यातल्या शाकाहारी चौघांना त्याऐवजी मसुराची कोशिंबीर दिली. हा मसूर हिरवा, अंगावर निळसर ठिपके. जवळच्याच ल प्वी भागात होतो. त्या नावाला १९९६ पासून कायद्याचे संरक्षण आहे, दुसऱ्या कोणी आपल्या मसुराला ते लावायचे नाही. शिजवून गार केलेला मसूर, वर कांदा, तेल आणि शिरका. गरम आमटीची सवय असलेल्यांना पहिला घास विचित्र लागतो, दुसरा बरा लागतो.

मुख्य पदार्थ म्हणजे आलिगो. त्याच्याबरोबर डुकराच्या मांसाचे सॉसेज वाढतात. तिकडे गोमांसही पानात येते. आमच्या मंडळींपैकी ज्यांना जे चालत नव्हते ते त्यांनी सोडले, त्यावर कोणी भुवया उंचावल्या नाहीत. पण आलिगो तर सगळ्यांना चालेल, बटाटा आणि दुधाचेच आहे, असे पोरीने हौसेने सांगितले, आणि तिथेच घोटाळा झाला.

आमच्यात एक बुवा होते. माळकरी, पासष्टीचे, घरी आठ म्हशी. त्यांनी मला हळूच विचारले, "साहेब, हे चीज विरजतात कशानं?"

हा प्रश्न निघाला नसता तर बरे, असे मला वाटले, हे कबूल करतो. कारण उत्तर मला कॉलेजापासून ठाऊक होते. आपल्या बाजारातल्या चीजला हल्ली बहुधा जंतूंपासून केलेले रेनेट वापरतात. पण तिकडच्या जुन्या पद्धतीच्या चीजला वासराच्या पोटातले रेनेट लागते. न सांगता राहिलो असतो तर त्यांना कधी कळलेही नसते. सांगितले. बुवांनी हात जोडले, "मग मला माफी करा."

पोरीने ते बाईला समजावले. मला वाटले, उशिरा आलेले गिऱ्हाईक, त्यात ही खोड, आता बाई वैतागणार. तिने दोन प्रश्न विचारले, मान हलवली आणि आत गेली. चीज पडायच्या आधीच तिने घोटलेला बटाटा एका वाडग्यात काढला, त्यावर लोणी आणि साय घातली आणि पहिले ताट बुवांपुढे ठेवले. मग उरलेल्यांना म्हणाली, "आता आत या, बघा."

आम्ही चुलीभोवती कोंडाळे केले. पत्र लिहिणाऱ्या भगिनीसाठी कृती नीट सांगतो. एक किलो बटाटे उकडून, गाठ न ठेवता घोटायचे. त्यात लोणी, घट्ट साय, मीठ आणि ठेचलेला लसूण. मग मंद आचेवर साधारण चारशे ग्रॅम ताज्या चीजच्या पातळ चकत्या घालून लाकडी सराट्याने ढवळायचे. ढवळायचे म्हणजे पिठले हाटतो तसे नव्हे, खांद्यातून जोर लावून, उचलून, ओढून. आठ-दहा मिनिटांत ते सगळे भांड्याच्या कडा सोडते आणि सराटा वर केला की त्याची तार येते. तार कसली, पट्टाच. बाईने सराटा डोक्याच्या वर नेला तरी भांड्यापासून सराट्यापर्यंत अखंड पांढरा पट्टा, लुगडे वाळत घालावे तसा. लगेच वाढायचे, लगेच खायचे. गार झाले की मजा गेली.

ही तार येते ती या ताज्या चीजमुळे. त्याला 'तोम' म्हणतात. दूध रेनेटने धरवून, त्याचा चोथा दाबून, मीठ न लावता रातभर आंबू देतात. आंबताना चोथ्यातला चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, कमी होतो. म्हणून उष्णता लागली की ते वितळते आणि ओढले की लांबते. आपले पनीर तापल्या दुधात लिंबू पिळून फाडलेले असते. ते वितळत नाही. तेव्हा घरी हा पदार्थ पनीर घालून करायला जाऊ नका, बटाट्यात नुसता चुरा दिसेल. मोझरेला घातले तर तार येते, चव मात्र ती येणार नाही.

आलिगो हे नाव कसे पडले याची एक गोष्ट तिकडे सांगतात. या पठारावरून स्पेनमधल्या एका मोठ्या तीर्थक्षेत्राची पायवाट जाते. बाराव्या शतकात इथे वाटसरूंसाठी मठ उभा राहिला. धुके किंवा बर्फ दाटले की चुकल्या माणसाला दिशा कळावी म्हणून तिथली घंटा वाजवत ठेवायचे. दमून आलेले यात्रेकरू मठाच्या दाराशी लॅटिनमध्ये 'आलिक्विद' म्हणत. म्हणजे 'काहीतरी द्या'. मठातले साधू पाव आणि ताजे चीज एकत्र शिजवून वाढत. त्या 'काहीतरी'चे आलिगो झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात पावाची जागा बटाट्याने घेतली. बुवांना ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे ही बी वारीचीच वाट," म्हणाले.

जेवण संपत आल्यावर मालक चीजची पाटी घेऊन आमच्यात येऊन बसला. तोमच कुसकरून, मीठ लावून, दाबून, निदान चार महिने तळघरात मुरवली की त्याचे लायोल चीज होते. एकेक चक्का वीस किलोपासून पन्नास किलोपर्यंत. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध. लायोल हे तिथल्या एका गावाचे नाव. मालकाने खिशातून चाकू काढला, तोही लायोलचाच. तिकडचा जुना माणूस स्वतःचा चाकू घेऊन जेवायला बसतो आणि जेवण झाले की पुसून, मिटून खिशात टाकतो. या चाकूला पात्याशिवाय एक लांब टोच्या होता. कशासाठी असेल, असे त्याने खुणेने विचारले. दुभाष्याची गरजच पडली नाही. आमच्यातल्या एका गड्याने आपल्या डाव्या भकाळीवर बोट ठेवून गाल फुगवले. पोटफुगी! मालक टेबलावर थाप मारून हसला. फुगलेल्या गायीच्या पोटातला वारा काढायलाच तो टोच्या चाकूला लावलेला आहे. (आपण हा प्रयोग घरी करू नये, डॉक्टरांना बोलवावे.) त्याच चाकूला मागाहून बाटलीचे बूच काढायचा स्क्रू आला, कारण पठारावरची पोरे पोटासाठी पॅरिसला गेली आणि तिथे हॉटेलांत राबू लागली.

पोरे गेली आणि चीजही जायच्या वाटेला लागले. पूर्वी उन्हाळी चराईच्या रानात दगडी झोपडे असे, त्याला ब्युराँ म्हणतात. २५ मे ला गायींना फुले-घंटा बांधून वर न्यायचे आणि १३ ऑक्टोबरला खाली आणायचे. तेवढे दिवस तीन-चार गडी त्या झोपड्यात राहून धारा काढायचे आणि चीज करायचे. बायांना तिथे थारा नव्हता, चीज करणे हे गड्यांचेच काम. (पत्र लिहिणाऱ्या भगिनीने हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवावे.) वासरू पाजल्याशिवाय ही गाय पान्हा सोडत नसे, म्हणून वासरे सांभाळायला एक वेगळा पोरगा असे. १९०० च्या सुमारास पठारावर असे तीनशेच्या आसपास ब्युराँ होते आणि वर्षाला सुमारे ७०० टन चीज होई. १९६० च्या सुमारास ते उरले सुमारे २५ टन. आता बहुतेक ब्युराँ ओस आहेत, काहींत पाहुण्यांना आलिगो मिळते.

१९६० साली तिथल्या काही तरुण शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. नावाचा अर्थ 'तरुण डोंगर'. पुढाकार आंद्रे वालादिए नावाच्या शेतकऱ्याचा. १९६१ साली लायोल चीजच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण तेवढ्याने भागले नाही. काळच असा होता की गाय बदला, खाद्य बदला, दूध वाढवा, असा सल्ला सगळीकडे मिळत होता. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गायी पठारावरही आल्या. दूध वाढले. मग संस्थेतल्या लोकांनी बसून विचार केला आणि त्या गायी नियमातूनच काढल्या. आता या चीजचे दूध सिमेंटल किंवा ओब्राक गायीचेच लागते. खायला गवत आणि वाळला चारा. मुरघास बंद, कारण मुरघासातले काही जंतू दुधात उतरले तर महिनोन्‌महिने मुरणारे चीज आतून फुगते आणि तडकते. दूधही कच्चेच वापरतात, त्यामुळे चोख राहावेच लागते.

मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. गेली एकोणतीस वर्षे कुठल्याही गोठ्यात शिरलो की तोंडातून पहिला हाच निघतो: गाय दूध किती देते? मालकाचा पुतण्या संस्थेला दूध घालतो, त्याला आकडा पाठ होता. म्हणाला, वर्षाला सरासरी सहा हजार लिटर, असा नियम आहे. मला वाटले, कमीत कमी सहा हजाराची अट असावी. पोरीला म्हटले, पुन्हा विचार, कमीत कमी की जास्तीत जास्त? तिने विचारले. मालकाला प्रश्नच कळेना. मग तो म्हणाला, "जास्तीत जास्त. त्याच्यावर नाही."

घास अडकला म्हणालो तो हा.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी, बेताच्या पावसाच्या मुलखात, मी एका शेतकऱ्याला त्याच्या दोन गावठी गायी मोडून संकरित गाय घ्यायला लावली. कर्जाचे कागदही मीच भरून दिले. दोन वर्षे दूध छान निघाले. तिसऱ्या उन्हाळ्यात हिरवा चारा संपला, पेंडीचा भाव चढला, गाय उन्हाने धापा टाकू लागली आणि दूध निम्म्यावर आले. दर तर सगळ्या गावाला एकच, कारण सगळ्यांचे दूध एकाच टाकीत जाते. त्याने गाय विकली, कर्ज राहिले. तोवर माझी बदली झाली होती. हे मला फार उशिरा कळले. माझ्या अहवालात मात्र ती गाय यशस्वी म्हणून नोंदलेली आहे.

याचा अर्थ संकरित गाय वाईट असा कोणी काढू नये. जिथे बारमाही पाणी आहे, लसूणघास आहे, सावलीचा गोठा आहे, तिथे ती घर चालवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि तिथे आजही तिचीच शिफारस करीन. ओब्राकच्या लोकांनाही दूध कमी करून परवडते, ते त्या दुधाचे चीज होते म्हणून आणि त्या चीजला नाव आहे म्हणून. नुसत्या दुधाला हा हिशेब लागू पडत नाही. पण मी त्या शेतकऱ्याला विचारले होते ते फक्त लिटर. पाणी किती, चारा किती, दूध जाणार कुठे, आणि त्याच्या जुन्या गायीच्या दुधाचे घरात काय होत होते, हे विचारले नव्हते.

नावाचेही एक सांगतो. चीजचे नाव वेळेवर कायद्यात बसले म्हणून वाचले. चाकूचे बसले नाही. १९९३ साली बाहेरच्या एका व्यापाऱ्याने लायोल हे गावाचे नाव आपला व्यापारी मार्का म्हणून नोंदवून घेतले आणि गावाला स्वतःच्याच नावासाठी कोर्टाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवाव्या लागल्या. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कागद झाला, चांगले झाले. आता 'मंगळवेढ्याची भाकरी' म्हणून ताट मागणारा आणि त्याचे वेगळे पैसे मोजणारा माणूस उभा करायचा आहे. ते काम कागदाने होत नाही, ते त्या बाईसारख्या चुलीवर होते.

शेवटी ओव्यासारख्या गोड पावाचा, फुआसचा, एकेक तुकडा आला. ओव्यासारखा म्हणालो ते चुकले, वास संत्र्याच्या फुलांचा होता. बिल माणशी एकवीस युरो, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सोळा-सतराशे रुपये. आपल्या मानाने महाग, तिकडच्या मानाने साधे. बुवांचे पाच युरो कमी लावले होते. पोरीने कारण विचारले तर बाई म्हणाली, "त्यांना चीज घातलेच नाही, मग पैसे कसले?" बुवा ऐकेनात. त्यांनी पाच युरो टेबलावर ठेवले, बाईने परत दिले, त्यांनी पुन्हा ठेवले. शेवटी तिने आतून कागदात बांधलेला फुआस आणून त्यांच्या पिशवीत टाकला आणि पाच युरो घेतले. तो आम्ही परतीच्या वाटेवर गाडीत खाल्ला.

मुरघासाविषयी आठ-दहा पत्रे आली आहेत. खड्ड्याचे माप, मक्याची कापणी कोणत्या अवस्थेत करावी आणि वरून झाकण कसे घालावे, यांची उत्तरे पुढच्या अंकात.